सलमान खानला का बोलवावे लागले?

नोव्हेंबर २०२१ मधली एक बातमी बहुतेकांनी हसण्यावारी नेली. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले की, मुस्लिमबहुल भागांत लोक अजून लस घ्यायला कचरताहेत. त्यांची समजूत घालण्यासाठी सलमान खान आणि धर्मगुरूंची मदत घेतली जाईल. आमच्या ग्रुपवर दोन दिवस मीम्सचा पाऊस पडला. 'भाई ने बोला तो लेना पडेगा', वगैरे.

मला मात्र ती बातमी हसण्यासारखी वाटली नाही. साथीच्या पहिल्या लाटेत टोपे हे रोज माध्यमांसमोर येऊन शांतपणे आकडे सांगणारे मंत्री होते. आमच्या घरात त्यांच्या बोलण्याला वजन होते. अब्बू टीव्हीचा आवाज वाढवायचे तो त्यांच्यासाठी. मग दीड वर्षातच त्याच मंत्र्याला आपल्याच राज्यातल्या मोहल्ल्यांशी बोलायला मध्ये एक सिनेनट का लागावा? सरकारचा शब्द आमच्या गल्लीत येईपर्यंत त्यातला विश्वास कुठे गळून पडला?

याचे तयार उत्तर तुम्ही ऐकले असेल: हे लोक अशिक्षित, धर्मभोळे, मौलवींचे ऐकणारे. मला ते पटत नाही. लस न घेण्याची कारणे बरीच होती आणि त्यातली काही अगदी साधी होती. मालेगाव-भिवंडीतल्या यंत्रमाग कामगाराला लशीनंतर दोन दिवस ताप आला तर दोन दिवसांची रोजी बुडते. लशीने मूल होत नाही ही अफवाही जोरात होती आणि ती आपल्याच लोकांनी पसरवली, हेही मान्य करू. पण या सगळ्याच्या खाली आणखी एक थर आहे. तो एप्रिल २०२०मध्ये, मोबाइलच्या पडद्यावर तयार झाला. राजकीय नेत्यांच्या हँडलवरून तेव्हा जे लिहिले गेले आणि जे लिहिले गेले नाही, त्याची वसुली पुढे लसीकरण केंद्रावर झाली, असे माझे मत आहे.

तो महिना आठवणे त्रासाचे आहे, पण थोडे तपशिलात जाऊ. निजामुद्दीनच्या मरकजमधला मेळावा मार्च २०२०च्या मध्यावर झाला. दिल्ली सरकारने त्याच दिवसांत मोठ्या जमावांवर बंदी आणली होती. धोक्याची चाहूल लागल्यावर मरकजच्या व्यवस्थापनाने लोकांना वेळीच घरी पाठवायला हवे होते. ही बेपर्वाई होती आणि तिची चिकित्सा व्हायलाच हवी होती. (त्याच आठवड्यात, १३ मार्चला, केंद्रीय आरोग्य खाते ही आरोग्य आणीबाणी नाही असे सांगत होते, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.) महाराष्ट्र सरकारने वसईत होणाऱ्या अशाच मेळाव्याला दिलेली परवानगी काढून घेतली होती, म्हणजे प्रशासनाला जमत होते. पण ३१ मार्चनंतर जे सुरू झाले त्यात चिकित्सा कमी होती. केंद्रात अल्पसंख्याक खाते सांभाळणारे मुख्तार अब्बास नक्वी यांनी ट्विट करून या प्रकाराला 'तालिबानी' गुन्हा म्हटले. भाजपचे कपिल मिश्रा यांनी तर जमातच्या लोकांचा हेतूच जास्तीत जास्त लोकांना संसर्ग करून मारण्याचा आहे, अशा अर्थाचे लिहिले. 'कोरोनाजिहाद' हा हॅशटॅग काही दिवसांतच सुमारे ३ लाख वेळा वापरला गेला, असे इक्वालिटी लॅब्स या संस्थेच्या आकडेवारीच्या आधारे 'टाइम'ने छापले.

हॅशटॅगचा राग सगळ्यांना येतो. मला त्याहून घातक वाटतो तो रकाना. दिल्ली सरकारच्या रोजच्या करोना पत्रकात 'मरकज मस्जिद' असा स्वतंत्र रकाना होता आणि मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या ट्विटमध्येही तो आकडा वेगळा असायचा. केंद्राच्या पत्रकार परिषदांतही तेच. १८ एप्रिलला सांगण्यात आले की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१, म्हणजे जवळजवळ ३० टक्के, मरकजशी संबंधित आहेत. आकडा खोटा नव्हता. पण तो कसा तयार झाला हे कोणत्याच नेत्याने पोस्टमध्ये लिहिले नाही. त्या काळात देशात चाचण्या फार थोड्या होत होत्या. परदेशातून आलेले, बाधिताच्या संपर्कातले, श्वसनाचा गंभीर त्रास असलेले, अशा ठराविक लोकांचीच चाचणी होई. आणि मरकजला गेलेल्यांना मात्र जिल्ह्याजिल्ह्यांत शोधून, लक्षणे असोत-नसोत, तपासले जात होते. तसे शोधणे योग्यच होते. पण ज्या विहिरीत जाळे टाकाल तिथलेच मासे हाती लागणार. बाकीच्या विहिरींत जाळे टाकलेलेच नसताना 'सगळे मासे याच विहिरीत आहेत' असे म्हणणे हा आकड्यांचा गैरवापर झाला. बारावी विज्ञानाच्या मुलाला कळेल अशी ही गोष्ट. ती एका ट्विटमध्ये सांगता आली असती.

जागतिक आरोग्य संघटनेचे माइक रायन यांनी ६ एप्रिललाच बजावले होते की रुग्णांची विभागणी धर्म किंवा वंशावरून करू नका. दिल्ली अल्पसंख्याक आयोगाने पत्र लिहिल्यावर तिथल्या पत्रकातले 'मरकज' हे नाव गेले आणि त्या जागी 'स्पेशल ऑपरेशन्स' असे काहीतरी आले. रकाना तसाच राहिला. पंतप्रधानांचे 'करोना धर्म, जात, वंश पाहत नाही' हे निवेदन समाजमाध्यमांवर आले ते १९ एप्रिलला. चांगले निवेदन होते. पण जवळजवळ तीन आठवडे उशिरा आले. २२ मार्चचा जनता कर्फ्यू, ५ एप्रिलची रात्री ९ वाजता ९ मिनिटे, हे सगळे आदल्या दोन-तीन दिवसांत अख्ख्या देशापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा त्यांच्या हाताशी होती. त्यामुळे उशीर का झाला हा प्रश्न विचारणे अवाजवी नाही.

आता या सगळ्याचा आरोग्याशी संबंध काय? सरळ आहे. 'तुम्ही आजार पसरवता' असे ज्याला रोज सांगितले जाते, तो ताप आल्यावर दवाखान्यात जात नाही. तो ताप लपवतो. त्यात सीएए-एनआरसीविरोधी आंदोलने नुकतीच संपली होती. हातात रजिस्टर घेऊन दारात उभा राहणारा माणूस कोणत्या खात्याचा आहे याची धास्ती मोहल्ल्यांत होतीच. आमच्या गल्लीत आशाताई सर्वेक्षणाला आल्या तेव्हा खालांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो 'नाव कशाला लिहिता' हा. त्या बिचाऱ्या उन्हात उभ्या राहून समजावत होत्या. १ एप्रिलला इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात आरोग्य पथकावर दगडफेक झाली. त्याआधी तिथे व्हॉट्सअॅपवर अफवा फिरत होत्या. दगड मारणाऱ्यांचे समर्थन मी अजिबात करणार नाही. डॉक्टरांवर हात उगारणारा माणूस आपल्या समाजाचा शत्रू आहे. पण भीती जितकी वरून ओतली जाते, तितकी अफवेला खाली जागा मिळते, हे कोणत्याही आरोग्य कर्मचाऱ्याला विचारा.

महाराष्ट्रात चित्र थोडे वेगळे होते आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. उद्धव ठाकरे यांचे फेसबुक लाइव्ह तुम्ही पाहिले असतील. घरातल्या मोठ्या माणसाने समजावावे तसे बोलणे, आवाज चढलेला नाही. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितले की करोनासारखाच दुहीचा एक विषाणू पसरतो आहे आणि तसे व्हिडिओ पसरवणाऱ्यांची गय केली जाणार नाही. त्याच सुमारास शरद पवारांनीही लाइव्ह येऊन, मरकजचा मेळावा टाळायला हवा होता हे स्पष्ट सांगितले आणि त्याच त्या गोष्टी दिवसभर दाखवून द्वेष वाढवणेही चूक आहे हे सांगितले. शब-ए-बरातला घरीच थांबा, आंबेडकर जयंती घरीच साजरी करा, असे दोन्ही समाजांना त्यांनी एकाच दमात सांगितले. बरोबरीच्या नात्याने सांगितलेली गोष्ट माणूस ऐकतो. त्या वर्षी रमजानच्या तरावीह लोकांनी घराघरांत पढल्या, ईदला गळाभेट झाली नाही. हे पोलिसांच्या काठीने झालेले नाही.

पण सर्वांत जास्त उपयोगाचे ट्विट कोणते, असे मला विचाराल तर मी भाषणांकडे बोट दाखवणार नाही. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेच्या आयुक्तांनी एक परिपत्रक काढले: करोनाने मृत्यू झालेल्यांचे, धर्म कोणताही असो, दहनच करायचे. तो कागद फोटो होऊन काही मिनिटांत राज्यभर फिरला. आपल्या घरातल्या मयताला जनाजा, कफन-दफन मिळणार नाही, या कल्पनेने लोक हादरले. माझी नानी रडायलाच लागली, आणि ती मुंबईत राहतसुद्धा नव्हती. त्याच संध्याकाळी तेव्हाचे मंत्री नवाब मलिक यांनी ट्विट केले की आयुक्तांशी बोलणे झाले आहे आणि परिपत्रक मागे घेतले आहे. दोन-तीन ओळींचा मजकूर. त्यात ना शायरी, ना फोटो. पुढे हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २२ मे रोजी न्यायालयाने दफनाला परवानगी कायम ठेवली. मृतदेहातून संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण त्या एका रात्रीपुरते बोलायचे तर मलिकांच्या ट्विटने किती घरांत लोक झोपू शकले असतील! अधिकारी चुकीचा आदेश काढतो, लोकप्रतिनिधी फोन करतो, आदेश फिरतो आणि ते ज्या माध्यमातून भीती पसरली त्याच माध्यमातून, त्याच वेगाने कळवले जाते. साथीच्या काळात नेत्याच्या हँडलचे काम हेच असावे.

उलट बाजूचा नमुना दोन महिन्यांनी पाहायला मिळाला. मजूर पायी निघाले होते, श्रमिक रेल्वे सुरू झाल्या होत्या. २४ मे रोजी ठाकरे म्हणाले की आम्ही ८० गाड्या मागतो, मिळतात त्याच्या निम्म्याच. त्यावर रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी ट्विट केले की १२५ गाड्या द्यायला तयार आहोत, तासाभरात यादी द्या. मग रात्री उशिरापर्यंत ट्विटमागून ट्विट, यादी कुठे आहे, यादी कुठे आहे. संजय राऊतांनी टोला हाणला की गाडी जिथे जायची तिथेच पोहोचू द्या म्हणजे झाले, कारण गोरखपूरची गाडी ओडिशात पोहोचली होती. वाचायला मजा आली, खरे आहे. फलाटावर बसलेल्या मजुराला मात्र त्या रात्री यातले काहीच कळले नसणार, आणि एका फोनवर होणारे काम दोन सरकारे लाखो लोकांसमोर भांडून का करत होती, याचे उत्तर दोन्हीपैकी कोणी दिले नाही.

(रामदास आठवलेंचे 'गो कोरोना' आणि अर्जुन राम मेघवाल यांचे पापड मी या हिशेबात धरत नाही. त्यांनी निदान कोणाची दुकाने बंद पाडली नाहीत.)

फेसबुक लाइव्हची एक अडचण मात्र सांगितली पाहिजे, आपल्याला आवडणाऱ्या नेत्याची असली तरी. तिथे प्रश्न विचारता येत नाही. खाली हजारो कमेंट धावत असतात, पण नेता त्या वाचत नाही. पत्रकार परिषदेत एखादा पत्रकार 'साहेब, रकाना वेगळा का' असे विचारू शकतो, आणि उत्तर टाळले तर ते टाळणेही लोकांना दिसते. पंतप्रधानांनी साथीच्या त्या दोन वर्षांत एकही खुली पत्रकार परिषद घेतली नाही. ट्विट होते, 'मन की बात' होती, रात्री ८ची भाषणे होती. २४ मार्चच्या अशाच भाषणानंतर चार तासांत देश बंद झाला. बोलणाऱ्याला अडवणारे कोणी नसले की चूक दुरुस्त व्हायला वेळ लागतो, आणि साथीत तो वेळ माणसांच्या जिवाने मोजला जातो.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत हे आणखी उघडे पडले. १७ एप्रिलला पंतप्रधानांनी ट्विट करून साधू-संतांना विनंती केली की कुंभ आता प्रतीकात्मक ठेवावा. तोपर्यंत दोन मोठी शाही स्नाने होऊन गेली होती. त्याच दिवशी आसनसोलच्या प्रचारसभेत ते जमलेल्या गर्दीचे कौतुक करत होते, आणि देशात रोज २ लाखांहून अधिक नवे रुग्ण सापडत होते. फोन एकच, पण एका हाताने गर्दी टाळा आणि दुसऱ्या हाताने गर्दीचे व्हिडिओ. इथे मला आपल्या तरुणांनाही एक सांगायचे आहे. त्याच दिवसांत मुंबईच्या तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर म्हणाल्या की कुंभहून परतणारे करोना प्रसाद म्हणून वाटतील. आपल्यातल्या कितीतरी जणांनी ते वाक्य मोठ्या आनंदाने पुढे पाठवले, 'अब बोलो' असे लिहून. मला ते आवडले नाही. वर्षभरापूर्वी आपल्या बाबतीत जे केले गेले तेच ते होते, फक्त यात्रेकरू दुसरे होते. कुंभचा वेगळा रकाना देशाच्या पत्रकात आला नाही हे बरोबरच झाले. तक्रार एवढीच की हीच समज एप्रिल २०२०मध्ये का दाखवली गेली नाही.

मग ऑक्सिजनचे दिवस आले. ट्विटर म्हणजे आपत्कालीन विभाग झाला. खाट, सिलिंडर, रेमडेसिविर, प्लाझ्मा. युवक काँग्रेसचे श्रीनिवास बी. व्ही. यांच्यासारख्या काहींनी आपले हँडल अक्षरशः मदत केंद्र बनवले. त्यांचे काम मोठे होते, आणि पुढे मे महिन्यात दिल्ली पोलिसांनी त्यांचीच चौकशी केली. पण यातली एक बोच माझ्या मनातून जात नाही. ज्याच्या घरात ट्विटर येणारा मुलगा होता, इंग्रजीत चार ओळी लिहून नेत्याला टॅग करणारी मुलगी होती, त्याला सिलिंडर मिळण्याची शक्यता वाढली. आमच्या शेजारच्या चाचांच्या घरात साधा फोन होता. आम्ही गल्लीतल्या पाच-सहा पोरांनी वही करून फोन फिरवले, काहींना खाट मिळाली, काहींना नाही. नेता टॅग केल्यावर धावून येतो याचे कौतुक करताना, टॅग न करू शकणाऱ्याची व्यवस्था करणे हेच त्याचे खरे काम होते, हे विसरता येत नाही. खाटांचा फलक, वॉर्डातली वॉर रूम, चोवीस तास उचलला जाणारा फोन. मुंबईत वॉर्डनिहाय वॉर रूम उभ्या राहिल्या त्याचा फायदा झाला तो यामुळेच.

त्याच आठवड्यांत सरकारच्या मागणीवरून ट्विटरने सुमारे ५० ट्विट भारतात दिसेनासे केले. त्यात खासदार रेवंत रेड्डी आणि पश्चिम बंगालचे मंत्री मलय घटक यांचीही ट्विट होती. उत्तर प्रदेशात तर आजोबांसाठी ऑक्सिजन मागणाऱ्या एका तरुणावर गुन्हा दाखल झाला. ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान समजू. वर्षभरापूर्वी 'कोरोनाजिहाद' लिहिणाऱ्यांबाबत इतकी तत्परता दिसली नव्हती.

आता थोडे घरचे. मार्च २०२१च्या अखेरीस आमच्या औरंगाबादमध्ये प्रशासनाने कडक लॉकडाऊन जाहीर केला. खासदार इम्तियाज जलील यांनी त्याला विरोध केला. विरोधाचे मुद्दे बरोबर होते, हातगाडीवाल्याने आणि छोट्या दुकानदाराने किती वेळा उपाशी मरायचे? निर्णय मागे घेतला गेला. मग समर्थकांनी त्यांना खांद्यावर घेतले, गर्दी, घोषणा, मास्क नाहीत, आणि तो व्हिडिओ रात्रभर फिरला. गुन्हाही दाखल झाला. जलील स्वतः जुने पत्रकार, पडद्यावर काय दिसते आणि ते कसे वापरले जाते हे त्यांना कोणी शिकवायची गरज नाही. गरिबाच्या रोजीचा मुद्दा त्या एका व्हिडिओत बुडाला. दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती गर्दीची. आपल्या माणसाला हे तोंडावर सांगायची सवय आपण लावून घेतली नाही तर दुसऱ्याच्या नेत्यांना प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार पोकळ ठरतो.

मरकज प्रकरणाचा शेवट मात्र कमी लोकांना माहीत आहे. २१ ऑगस्ट २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. न्या. नलावडे यांनी लिहिलेल्या निकालात म्हटले आहे की मोठा अपप्रचार झाला आणि साथीच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधत असते. खंडपीठातले न्या. सेवलीकर काही निरीक्षणांशी सहमत नव्हते, पण गुन्हे रद्द करण्याशी होते. जुलै २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मरकज प्रकरणातल्या ७० भारतीयांवरचे खटले रद्द केले. पाच वर्षांहून अधिक काळ गेला. पहिल्या बातमीचा आवाज आणि या निकालाचा आवाज यांची तुलना तुम्हीच आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर करून पाहा. अम्मीच्या मैत्रिणींपैकी एकीलाही हा निकाल माहीत नव्हता. मरकज मात्र सगळ्यांना माहीत होते.

म्हणून मला वाटते, साथ नसतानाच काही गोष्टी मागून घ्याव्यात. उमेदवार मते मागायला मोहल्ल्यात येतील तेव्हा गटार-रस्त्यांसोबत हेही विचारा: पुढची साथ आली तर तुमच्या पानावर आकडे धर्माने मोजले जातील का? चूक झाली तर दुरुस्ती त्याच पानावर, वरच्या जागी, मराठीत आणि उर्दूत टाकाल का? आठवड्यातून एकदा तरी वॉर्डात बसून प्रश्न घ्याल का, की फक्त लाइव्ह येणार? त्यांची उत्तरे मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि आरोग्य केंद्रातल्या आशाताईंशी आत्ताच ओळख करून घ्या, गोवर-पोलिओच्या लसीच्या दिवशी त्यांच्यासोबत दोन गल्ल्या फिरा. आमच्याकडे आम्ही चौघे-पाच जण महिन्यातून एक रविवार जातो. खाला अजूनही 'नाव कशाला लिहिता' असे विचारतात, पण आता चहाही ठेवतात.